हिशेब मागायचा नाही! वऱ्हाडचा १८६० चा तह आणि आपले विधिमंडळ

१/ मेहकरहून लोणारला जाताना वाटेत सुलतानपूर लागते. विवराच्या ओढीने निघालेले पर्यटक तिथे सहसा थांबत नाहीत. आजच्या धाग्यात आपण थांबणार आहोत. कारण बुलढाणा जिल्ह्याचा हा मुलूख चार दशकांहून अधिक काळ एका विलक्षण तहाखाली होता. त्या तहाने हिशेब मागण्याचा हक्कच रद्द केला होता. विषय वरवर रुक्ष आहे: सरकारी खर्चाचा प्रस्ताव सभागृहात आला की त्याचा परिणाम आधी मोजतो कोण? उत्तर मात्र संतापजनक आहे.

२/ २१ मे १८५३ रोजी हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. मालकी निजामाची, कारभार कंपनीचा. तहात एक अट होती: दरवर्षी खरा हिशेब द्यायचा आणि शिल्लक निजामाला परत करायची. सात वर्षांनी, १८६० मध्ये, नवा तह झाला. मागचा, चालू किंवा पुढचा, कोणताही हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडला. प्रशासनावर किती खर्च करायचा हे सर्वस्वी इंग्रजांच्या मर्जीवर राहिले.

३/ या तहातली मेख पाहा. खर्च वजा जाता उरेल ती शिल्लक निजामाला द्यायची, हे कलम कायम होते. पण खर्च ठरवणार एक जण, तोच तो करणार आणि त्याबद्दल विचारायचे कोणीही नाही! पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायम भाडेपट्ट्याने वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिले. या साऱ्या देवघेवीत एक पक्ष कुठेच नव्हता: ज्याच्या सारा-पट्टीवर हा जमाखर्च चालला तो सुलतानपूर-मेहकरचा रयत.

४/ इतिहासप्रेमी मित्रहो, या धाग्याचे प्रतिपादन एका वाक्यात सांगतो. खर्चाचा अंदाज बांधणारा आणि खर्चासाठी पैसा मागणारा एकच असेल, तर त्या अंदाजाला वकिलीहून अधिक किंमत देता येत नाही. १८६० मध्ये हा अन्याय तहाच्या कलमाने झाला. आज तो आपल्या विधिमंडळात निव्वळ सवयीने चालतो, आणि तो मोडण्याची परंपरा आपल्याच मातीत असूनही आपण ती विसरलो आहोत.

५/ ती परंपरा पाहू. वऱ्हाडचा भाडेपट्टा ठरला त्याच १९०२ सालच्या २६ मार्चला कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अर्थसंकल्पावर बोलता येत असे. मत देता येत नसे. सरकार सात कोटी रुपयांची विक्रमी शिल्लक मिरवत होते. आधीच्या पाच-सहा वर्षांत देशाने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन महादुष्काळ सोसले होते. मग ही शिल्लक आली कुठून?

६/ गोखल्यांचे उत्तर भावनेचे नव्हते, अंकगणिताचे होते. सरकारला दरवर्षी विलायतेत पौंडांत मोठी देणी द्यावी लागत. रुपया घसरून १३ पेन्सांच्या आसपास आला तेव्हा तीच देणी भागवायला अधिक रुपये लागत, म्हणून कर चढे ठेवले गेले. १८९३ मध्ये टांकसाळी खुल्या नाणेपाडणीसाठी बंद झाल्या आणि काही वर्षांत रुपया १६ पेन्सांवर स्थिरावला. देण्यांचा रुपयांतला भार हलका झाला. कर मात्र उतरले नाहीत. ही शिल्लक समृद्धीची नव्हती, अतिरिक्त करवसुलीची होती.

७/ दुसऱ्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा ५०० वरून १,००० रुपयांवर गेली. श्रेय एकट्या गोखल्यांना देणे हा भाबडेपणा होईल. पण मताचा अधिकार नसलेल्या एका सभासदाने सरकारचा आकडा सरकारच्याच कागदांवरून उलगडला आणि त्यामागचा खरा परिणाम जगासमोर मांडला, हे निर्विवाद आहे.

८/ आता पडद्यामागचा माणूस. या भाषणांसाठी आकड्यांची मशागत करणारे होते गणेश व्यंकटेश जोशी, सरकारी हायस्कुलातले शिक्षक. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७८ पासून निघणाऱ्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात ते महसूल, व्यापार, दुष्काळ यांवर लिहीत. भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे १८९७ मध्ये गोखल्यांची साक्ष झाली, तिच्या तयारीतही जोशींचा हात होता. आजच्या भाषेत सांगायचे तर ते एका लोकप्रतिनिधीचे अर्थसंकल्प-विश्लेषक होते.

९/ किल्ल्यांचे नकाशे आपल्याला तोंडपाठ असतात. जोशींचे नाव माहीत असणारे किती? ‘नेमस्त म्हणजे अर्ज-विनंत्या करणारे’ ही शाळकरी व्याख्या घेऊन आपण मोठे होतो. सत्तेच्या ताळेबंदातली मेख शोधून ती भर सभेत दाखवणे हे अर्जदाराचे काम नाही. आजच्या विरोधी बाकांवर या कामाचा मागमूस किती दिसतो, हे ज्याने त्याने पाहावे.

१०/ गोखले केवळ सरकारचा आकडा तपासून थांबले नाहीत. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. हे खऱ्या अर्थाने खर्चाचे विधेयक. मुले किती, दर मुलामागे खर्च किती, बोजा कोणी उचलायचा, हा गुणाकार त्यांनी स्वतः सभागृहापुढे केला. दोन तृतीयांश सरकारने आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी सोसावा, अशी वाटणी सुचवली. मुलांचे ठरावीक प्रमाण आधीच शाळेत असलेल्या क्षेत्रांतच सक्ती लागू व्हावी, अशी पायरीही घातली. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले.

११/ या पराभवाला एक कडवट उत्तरार्ध आहे. जवळपास शतकानंतर, २००८ मध्ये, स्वतंत्र भारताच्या संसदेत शिक्षणहक्काचे विधेयक आले. त्याला जोडलेल्या वित्तीय ज्ञापनात काय होते? खर्चाचा नेमका आकडा या टप्प्यावर काढता येत नाही, अशा आशयाचा मजकूर! मंत्रालय नाही, संगणक नाही, मताधिक्य नाही, अशा अवस्थेत गोखल्यांनी जो हिशेब मांडला, तो सारी यंत्रणा दिमतीला असलेल्या सरकारला मांडता आला नाही. आणि सभागृहाने तो हट्टाने मागितलाही नाही. हक्क योग्यच होता. त्याची किंमत न सांगण्याची सवलत अयोग्य होती.

१२/ ‘वित्तीय ज्ञापन’ म्हणजे काय? राज्यघटनेच्या अनुच्छेद २०७(३) प्रमाणे, राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च करावा लागेल असे विधेयक राज्यपालांच्या शिफारशीशिवाय संमत होत नाही. अशा विधेयकासोबत खर्चाचे निवेदन जोडावे लागते, तेच हे ज्ञापन. ते लिहिते कोण? ज्या खात्याला विधेयक संमत करून हवे आहे तेच खाते. शाळकरी मुलाने आपल्याच उत्तरपत्रिकेवर गुण भरावेत, तशी ही व्यवस्था आहे.

१३/ खरा अंदाज कसा बांधतात? आधी पायारेषा ठरवतात: नवा कायदा झालाच नाही, तर चालू कायद्यांनी पुढच्या वर्षांत किती खर्च होईल? मग पात्र किती, त्यांतले प्रत्यक्षात येणार किती, दरडोई खर्च किती, हे काढायचे. कायद्यामुळे लोकांचे वागणे कसे बदलेल, हे धरायचे. पहिल्या वर्षावर न थांबता पुढच्या पाच-दहा वर्षांचे चित्र द्यायचे. शेवटी गृहीतके उघड लिहायची आणि एकाच आकड्याऐवजी पल्ला सांगायचा.

१४/ यातली सर्वांत अवघड पायरी वागणुकीची. उदाहरण महाराष्ट्राच्या अभिमानाचे आहे: रोजगार हमी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगलीच्या तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, १९७२ मध्ये योजना आली, १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. इथे लाभार्थ्यांची यादी नसते. जो काम मागेल त्याला काम. मग सुलतानपूरसारख्या गावातून उद्या किती हात कुदळ-फावडे मागतील? पाऊस, शेतातली मजुरी, कामाचे अंतर आणि रोजगार हमीचा दर यांवर ते ठरणार.

१५/ १९७० च्या दशकातल्या विधिमंडळाने निदान पैशाचा उगम तरी दाखवला. १९७५ चा व्यवसाय कर याच योजनेसाठी आला. वाहने, विक्री, बागायती जमीन यांवरच्या जादा आकारणीची जोड मिळाली, आणि या करांच्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्याने घालायची ठरली. तुमच्या पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर २०० रुपयांची जी कपात दिसते, ती हीच. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी शिवारातल्या मजुराला दिलेले हे वचन होते. खर्च आणि त्याचा स्रोत एकत्र मांडण्याचा असा प्रामाणिकपणा आज दुर्मीळ झाला आहे.

१६/ पण वागणुकीचे गणित चुकले की काय होते, हेही याच योजनेने दाखवले. १९८८ मध्ये शेतमजुरीचे किमान वेतन दुपटीच्या घरात गेले आणि त्याबरोबर रोजगार हमीचा दरही. मजुरी वाढली तर काम मागणारे वाढणार, हे उघड होते. तरतूद मात्र त्या मानाने वाढली नाही. परिणाम? कामेच कमी काढली गेली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दाखवले: दरवाढीनंतर कामाचे रेशनिंग झाले. कायद्यातली हमी शाबूत राहिली, शिवारातली पातळ झाली. आधी मांडलेला एक प्रामाणिक अंदाज सभागृहाला सांगू शकला असता की वाढीव दरासह हमी टिकवायची तर इतका पैसा लागेल.

१७/ म्हणून ‘अंदाज-बिंदाज हे गरिबांच्या योजना मारण्याचे हत्यार’ हा आक्षेप मला मान्य नाही. ते हत्यार तसे वापरले गेले आहे, हे खरे. पण १९८८ नंतर कोणाचे नुकसान झाले? काम मागून परत गेलेल्या मजुराचे. पैसा पुरणार नाही हे लपवले की श्रीमंताचे काही बिघडत नाही. ज्याचा हक्क कागदावर उरतो तो भोगतो. शिवाय चांगला विश्लेषक न केलेल्या खर्चाची किंमतही मोजतो. १९१२ मध्ये सक्तीचे शिक्षण नाकारून वाचलेल्या पैशाची किंमत कित्येक निरक्षर पिढ्यांनी मोजली.

१८/ बांधकामांत हीच गत. बुलढाणा जिल्ह्यातला पूर्णा नदीवरचा जिगाव प्रकल्प घ्या. १९९० च्या दशकातला मूळ अंदाज सुमारे ३९५ कोटी रुपये. २००९ च्या सुमारास तो ४,०४४ कोटींवर गेला. पुढे १३ हजार कोटींच्या पल्याड. महागाई, भूसंपादन, पुनर्वसन, वाढलेली व्याप्ती ही कारणे खरी असतीलही. पण दर सुधारणेच्या वेळी ‘मूळ अंदाज का चुकला?’ याचे उत्तर देणारे, खात्याच्या बाहेरचे कोणी सभागृहापाशी होते का? नव्हते.

१९/ आता अलीकडचे उदाहरण. पक्षीय चष्मा क्षणभर उतरवून वाचा. २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये. वार्षिक खर्च ४६,००० कोटी सांगितला गेला. भागाकार करा: सुमारे २ कोटी ५५ लाख बहिणी. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातली तरतूद ३६,००० कोटी. पुन्हा भागाकार: नेमक्या २ कोटी. मधल्या ५५ लाख कुठे गेल्या?

२०/ हा हिशेब ढोबळ आहे. दुसऱ्या योजनेचा लाभ असल्यामुळे काहींना कमी रक्कम मिळते, हे धरले पाहिजे. तरीही प्रश्न उरतो. घोषणेनंतर काही दिवसांतच वयोमर्यादा ६० वरून ६५ झाली आणि पाच एकर जमिनीची अट निघाली. प्रत्येक बदलाने पात्रांची संख्या हलते. पहिला आकडा फुगलेला होता, की दुसरा आखडलेला? योजना चांगली की वाईट, हा वाद मी इथे घालत नाही. इतक्या मोठ्या खर्चाचे गणित तपासणारा सभागृहाचा स्वतःचा एकही माणूस नव्हता, हा माझा आक्षेप आहे.

२१/ कोणी म्हणेल, कॅग आहे ना! आहे, आणि ती भक्कम संस्था आहे. पण महालेखापरीक्षक खर्च झाल्यावर बोलतात. लोकलेखा समिती त्यांच्या अहवालावर, म्हणजे त्याहूनही उशिरा. विधिमंडळाची ‘अंदाज समिती’ नावाने आश्वासक वाटते. पण तिचे काम काटकसर सुचवण्याचे, आणि तिच्या अहवालासाठी मागण्यांचे मतदान थांबत नाही. प्रेत तपासणारा डॉक्टर कितीही निष्णात असो, रोग्याला तो उपयोगी नाही. दरम्यान आमदारापुढे कागदांचे बाड पडते, दिवस संपत येतात आणि कित्येक खात्यांच्या मागण्या चर्चेविना मताला टाकल्या जातात.

२२/ दुसरा आक्षेप: ही अमेरिकी थेरे आहेत. अमेरिकी काँग्रेसचे अर्थसंकल्प कार्यालय १९७४ च्या कायद्याने आले, हे खरे. ॲलिस रिव्हलिन त्याच्या पहिल्या संचालक. ते कार्यालय ‘हे विधेयक संमत करा’ किंवा ‘करू नका’ असे सांगत नाही, केवळ परिणाम मोजते. पण युगांडाच्या संसदेने २००१ च्या कायद्याने असे कार्यालय उभारले, दक्षिण कोरियाच्या संसदेने २००३ मध्ये. आणि वित्तीय शिस्तीच्या आढाव्यासाठी नेमलेल्या एन. के. सिंह समितीनेच २०१७ मध्ये भारतासाठी स्वतंत्र वित्तीय परिषद सुचवली होती. ती शिफारस कागदावरच आहे. परके काय आहे? जोशी मास्तर तर आपलेच होते.

२३/ तिसरा आक्षेप सर्वांत लबाड: ‘अंदाज चुकतातच, मग कशाला?’ हवामानाचे अंदाजही चुकतात. म्हणून पेरणीआधी ते ऐकणे शेतकरी सोडत नाही. फरक जबाबदारीचा आहे. गृहीतके लिहून ठेवली की चूक कुठे झाली ते शोधता येते आणि पुढचा अंदाज सुधारतो. गृहीतकेच सांगितली नाहीत, तर अंदाज कधी चुकतच नाही. कारण तो तपासताच येत नाही. १८६० च्या तहाची सोय नेमकी हीच होती.

२४/ म्हणून मागणी साधी आणि ठोस आहे. विधिमंडळाचे, मंत्रालयाच्या आज्ञेत नसलेले, छोटे अर्थसंकल्प कार्यालय हवे. मोठ्या खर्चाच्या प्रत्येक विधेयकाचा आणि योजनेचा किमान पाच वर्षांचा अंदाज, गृहीतकांसह, मतदानाआधी सर्व सदस्यांना आणि जनतेला मराठीत मिळावा. शासन निर्णयाने येणाऱ्या योजनाही त्यात याव्यात. नाहीतर कायदा टाळून पळवाट काढणे सोपे आहे. आणि तीन वर्षांनी अंदाज व प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी छापावेत. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. सभागृहाने मनावर घ्यायला हवे, इतकेच.

२५/ तोवर? तुमच्यातल्या ज्यांना जुने कागद वाचायची चटक आहे, त्यांनी चालू विधेयकेही वाचावीत. विधेयकाच्या शेवटी वित्तीय ज्ञापन असते. तिथपासून सुरुवात करा. आकडा आहे का? असल्यास कशाचा कशाशी गुणाकार आहे? पहिल्या वर्षापुढे काय? पैसा कुठून? नसेल उत्तर, तर आपल्या आमदाराला लेखी विचारा आणि आलेले उत्तर या धाग्याखाली टाका. वऱ्हाडच्या रयतेला तहात जागा नव्हती. आपल्याला मताचा हक्क आहे, आणि हिशेब मागू नये असे कोणतेही कलम आज आपल्यावर बंधनकारक नाही.